रूट कॅनाल केलेला दात आतून पांढरा करायचाय. वरचं फिलिंग त्याच दिवशी का नको?

शेवग्याची शेंग
५ जानेवारी, रात्री १०.२०

मंडळी, आधी शोधून पाहिलं, या विषयावर धागा सापडला नाही, म्हणून नवीन काढतेय.

वरच्या ओळीतला पुढचा डावा दात. सहावीत असताना शाळेच्या जिन्यावरून तोंडावर आपटले होते. रक्त आलं, दात हलला, आठवड्याभरात घट्ट झाला आणि घरात सगळे विसरून गेले. कॉलेजात तो राखाडी दिसायला लागला. सहा वर्षांपूर्वी हिरडीवर पुळी आली तेव्हा कळलं की आतली नस कधीच मेलेली आहे. रूट कॅनाल झालं, पुळी गेली. रंग मात्र गेला नाही, उलट गडदच झाला. तेव्हापासून फोटोत मी ओठ मिटून हसते.

२ फेब्रुवारीला धाकट्या भावाचं लग्न आहे. कॅप बसवून टाकू म्हणून नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, दात धडधाकट आहे, मागच्या बाजूला रूट कॅनालचं छोटंसं भोक आहे तेवढंच. कॅपसाठी चारी बाजूंनी कोरायचा कशाला? मागचं सिमेंट काढू, आत औषध ठेवू, दोन-तीनदा बदलू, दात आतून उजळेल. इथपर्यंत मी हवेत. मग म्हणाल्या, "शेवटचं औषध काढल्यावर कायमचं फिलिंग मात्र लगेच नाही करायचं. दोन आठवडे थांबायचं."

आता हिशोब करा. औषधाचेच दोन-अडीच आठवडे, वर हे दोन. लग्न मधेच येतं. ऑफिसातल्या एकीचं सगळं एकाच दिवशी आटपलं होतं. हे थांबणं खरंच गरजेचं आहे की आणखी एक फेरी वाढवायची पद्धत? कुणाला अनुभव?

---

बंडूनाना
५ जानेवारी, रात्री १०.५८

कॅप बसवा आणि मोकळ्या व्हा. माझ्या दोन कॅप आहेत, पंधरा वर्षं झाली, ऊस सोलून खातो.

आणि आतून औषध वगैरे ऐकूनच अंगावर काटा येतो. आमच्या वेळी राखुंडी होती. फार तर मीठ-लिंबू.

---

मूलद्रव्य
५ जानेवारी, रात्री ११.४०

नाना, मीठ-लिंबू नको. डाग दाताच्या आत आहे, लिंबू बाहेरचं इनॅमल खाणार. काजळी कंदिलाच्या काचेला आतून धरलेली असताना काच बाहेरून घासल्यासारखं ते.

मी दातांचा डॉक्टर नाही, रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे "दोन आठवडे का" याचं माझ्या बाजूचं उत्तर.

इनॅमलच्या आतला भाग म्हणजे डेंटिन. तो भरीव दिसतो, पण सूक्ष्म नळ्यांनी भरलेला असतो. दाताला मार बसला की आतल्या नसेत रक्तस्राव होतो, लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनचे तुकडे, त्यातलं लोह, त्या नळ्यांत शिरून बसतं. तुमचा राखाडी रंग बहुधा हाच. पांढरं करण्याच्या औषधातून शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतो, मग ते सोडियम परबोरेट असो की कार्बामाइड पेरॉक्साइड. पेरॉक्साइड त्या रंगीत रेणूंच्या लांब साखळ्या तोडतो. तुकडे लहान झाले की रंग दिसेनासा होतो.

इथपर्यंत ठीक. पण काम झाल्यावर पेरॉक्साइड आणि त्यातून निघालेला ऑक्सिजन लगेच बाहेर पडत नाही. डेंटिनच्या नळ्यांत तो साचून राहतो. आणि दाताच्या रंगाचं जे फिलिंग असतं, निळा दिवा मारून घट्ट करतात ते कॉम्पोझिट, ते मुक्त मूलकांच्या (फ्री रॅडिकल्सच्या) साखळी अभिक्रियेने कडक होतं. ऑक्सिजन नेमका याच अभिक्रियेचा वैरी. तो मूलकं गिळतो, साखळी मधेच तुटते, कॉम्पोझिटमधली राळ अर्धीकच्ची राहते. एरवीही कॉम्पोझिटचा हवेला लागलेला वरचा थर चिकट राहतो, तो घासून काढतात. पण इथे ऑक्सिजन येतो आतून, म्हणजे फिलिंग दाताला जिथे धरतं त्या सांध्यातच थर कच्चा राहतो. आणि तिथे घासून काढायची सोय नाही.

ओल असलेल्या भिंतीवर ऑइलपेंट मारून पाहा. पहिल्या दिवशी झकास दिसतो.

---

कृष्णाकाठ
६ जानेवारी, सकाळी ७.१५

मूलद्रव्य सर, आमच्या भिंतीचे पापुद्रे सुटलेत, त्याची गोष्ट ऐका.

क्रिकेटचा बॉल, वरचा पुढचा दात, रूट कॅनाल, मग काळपटपणा. सगळं ताईंसारखंच. तीन वर्षांपूर्वी आतून पांढरा करून घेतला. मलाच घाई होती, दुसऱ्या गावाला बदली झाली होती. शेवटचं औषध काढलं त्याच बैठकीत कॉम्पोझिट भरून घेतलं. दात असा झाला होता म्हणता, बायको म्हणाली आता बाकीचे पिवळे दिसायला लागले.

आठेक महिन्यांनी फिलिंगच्या कडेने तपकिरी रेघ दिसायला लागली. चहाचा डाग म्हणून सोडून दिलं. दीड वर्षात दात परत मळकट, आणि जीभ मागे लावली की कडा खरखरीत लागायची. इथल्या डॉक्टरांनी उघडलं तर फिलिंग अलगद निघून हातात आलं, खाली डेंटिन मऊ आणि वास. रूट कॅनालही पुन्हा करावं लागलं. दोन वेळचे पैसे, शिवाय सुट्ट्या.

थांबा बाई दोन आठवडे. घाई मी केली, भोगलं पण मीच.

---

खलबत्ता
६ जानेवारी, दुपारी २.०५

मी एन्डो करते, म्हणजे दिवसभर रूट कॅनालच. सुट्टीत आहे म्हणून लांब लिहिते.

आधी कृष्णाकाठ यांना: तुमच्या केसमध्ये दोष फक्त त्याच दिवशी भरल्याचाच होता, असं मी दात न पाहता म्हणणार नाही. कडेने गळती व्हायची कारणं अनेक असतात. भरताना लाळ लागली असेल, तात्पुरत्या फिलिंगमधलं युजेनॉल राहिलं असेल (लवंगतेलातलं ते द्रव्य, तेही राळेला नीट कडक होऊ देत नाही), थर जाड भरला असेल. पण त्याच दिवशी भरलं असेल तर संशयितांच्या यादीत ते पहिलं, हे खरं.

शेंगताई, तुमच्या डॉक्टर बरोबर सांगताहेत. प्रयोगशाळेत हे कसं पाहतात ते सांगते, म्हणजे पटेल. काढून टाकलेले दात घेतात. काहींमध्ये पांढरं करण्याचं औषध ठेवतात, काहींमध्ये नाही. काहींत लगेच कॉम्पोझिट भरतात, काहींत एक-दोन आठवड्यांनी. मग ते दात ५ अंश आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने शेकडो वेळा बुडवतात, म्हणजे आइस्क्रीम आणि चहाची नक्कल. शेवटी मिथिलीन ब्लूसारख्या रंगात ठेवून उभा छेद घेतात आणि निळा रंग कडेने किती आत गेला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लगेच भरलेल्यांमध्ये रंग जास्त आत जातो आणि पकडही कमी भरते. सूक्ष्मदर्शकात राळेचे ते धागे, जे नळ्यांमध्ये शिरून फिलिंगला मुळं धरल्यासारखं पकडतात, ते कमी, आखूड आणि रवाळ दिसतात. काही दिवस थांबून भरलं की फरक बराचसा भरून निघतो. थांबण्याचा काळ एक ते तीन आठवडे सांगतात, बहुतेक जण दोन धरतात.

औषध कोणतं, यावरही ठरतं. परबोरेट साध्या पाण्यात कालवलेलं असेल तर त्रास कमी, ३० टक्के पेरॉक्साइडमध्ये कालवलेलं असेल तर जास्त. पाण्यातली पद्धत १९६१ सालची, पेरॉक्साइडची १९६३ची. औषध आत, पेशंट बाहेर हिंडतोय, म्हणून त्याला "वॉकिंग ब्लीच" म्हणतात. तीव्र पेरॉक्साइड आणि वरून उष्णता देणं ही जुनी रीत आता सोडून द्यावी अशीच आहे. १९७९ मध्ये अशा केसेस छापून आल्या, ज्यांत पांढऱ्या केलेल्या दाताचं मूळ मानेपाशी (हिरडीजवळ, दात आणि मूळ जुळतात तिथे) बाहेरून झिजत गेलं. त्यातले दात तुमच्यासारखेच, लहानपणी मार लागलेले. म्हणून औषध ठेवण्याआधी रूट कॅनालचं गटापर्चा (आत भरलेलं रबरासारखं द्रव्य) मानेच्या जरा खालपर्यंत काढून त्यावर साधारण २ मिमी ग्लास आयनोमरचं (दातांच्या एका सिमेंटचं) बूच बसवतात. हे बूच बसवणार आहेत का, एवढं विचारा. फिलिंगच्या दिवसापेक्षा मी हे आधी विचारेन.

या दोन आठवड्यांत पोकळी रिकामी ठेवत नाहीत. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात, आम्लता उतरते, आणि वर पक्कं तात्पुरतं फिलिंग.

आता तुमच्या लग्नाचं. भोक कुठे आहे? मागे, टाळूच्या बाजूला. २ फेब्रुवारीला दात पांढरा झालेलाच असेल. मागे तात्पुरतं फिलिंग आहे की कायमचं, हे फोटोग्राफरला दिसणार आहे का?

---

शेवग्याची शेंग
६ जानेवारी, दुपारी २.३१

😶

हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गेले दोन दिवस मी नवऱ्याशी यावरून भांडतेय.

---

तिरफळ
६ जानेवारी, संध्याकाळी ६.५०

चांगली माहिती. दोन शंका.

एक, व्हिटॅमिन सी लावलं की थांबायची गरज नाही असं वाचलं होतं. दुसरी, ऑनलाइन ट्रे आणि जेलची किटं मिळतात, त्याने असा दात उजळतो का?

आणि खलबत्ताताई, निळ्या रंगाच्या प्रयोगावर एक आक्षेप. तो काढलेल्या दातांवरचा. तोंडात लाळ असते. शिवाय रंगाचा रेणू जीवाणूपेक्षा कितीतरी लहान. रंग गेला म्हणजे जंतू गेलेच असं कसं?

---

खलबत्ता
६ जानेवारी, रात्री ९.२२

आक्षेप मान्य, अगदी योग्य आहे. त्या प्रयोगावरून "अमुक टक्के फिलिंग गळणार" असं कुणी म्हणू नये. दोन पद्धतींपैकी सांधा कुठे कच्चा, एवढीच तुलना त्यातून मिळते. पण उलट बाजूने पाहा. थांबल्याने पेशंटचं काय जातं? एक फेरी. मग कच्च्या सांध्याची जोखीम मी का घेऊ?

व्हिटॅमिन सी म्हणजे सोडियम अॅस्कॉर्बेट, १० टक्के द्रावण. ते उरलेला ऑक्सिजन टिपून घेतं आणि प्रयोगशाळेत पकड खरंच सुधारते. पण ते पुरेसा वेळ ठेवावं लागतं, ताजं करावं लागतं. पेशंट परदेशी निघालाय आणि पर्यायच नाही, अशा वेळी मी वापरीन. एरवी थांबणं फुकट आहे. (व्हिटॅमिन सीची गोळी चघळून काही होत नाही, कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच.)

किटं: बाहेरून जेल लावून आतला राखाडी डाग नीट जात नाही. बाजूचे चांगले दात मात्र उजळतात, म्हणजे तफावत वाढते. आणि तोंडात असलेली जुनी कॉम्पोझिट फिलिंगं अजिबात पांढरी होत नाहीत. हे दर महिन्याला कुणाला तरी समजावते.

---

ऱ्हाइनकाठ
७ जानेवारी, पहाटे ३.१८

इकडे जर्मनीत हेच करायचं तर परबोरेटवरून डॉक्टर का-कू करतात. बोरॉनच्या या संयुगांवर प्रजननाला घातक असा शिक्का बसल्यावर युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांमध्ये त्यांना बंदी आली. दात पांढरे करण्याच्या उत्पादनांत पेरॉक्साइडही ६ टक्क्यांपर्यंतच, तेही डॉक्टरमार्फत आणि १८ वर्षांखालच्यांना नाही. माझ्या मुलीचा दात सायकलवरून पडून असाच काळवंडलाय, ती सोळाची. तेव्हा दोन वर्षं वाट.

अवांतर: परबोरेट म्हणजे मूळची कपडे धुण्याची पावडर. १९०७ साली इथे ड्युसेलडॉर्फला 'पर्सिल' निघाली, नावातला 'पर' परबोरेटचा आणि 'सिल' सिलिकेटचा. रोज ट्राममधून त्या कारखान्यावरून जातो.

---

बंडूनाना
७ जानेवारी, सकाळी ८.०२

म्हणजे दाताच्या आत धुण्याची पावडर घालायची आणि राखुंडीला मात्र नावं ठेवायची. छान.

---

मूलद्रव्य
७ जानेवारी, सकाळी ८.४०

नाना 😄 बाजारातली पावडर कुणी दातात भरू नका बरं. नाहीतर परवा कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर याच धाग्याचा हवाला देऊन हा उपाय फिरेल.

---

शेवग्याची शेंग
१४ जानेवारी, रात्री ८.१०

तिळगूळ घ्या, आणि माझा मूर्खपणा ऐका.

८ तारखेला सुरुवात झाली. रबराचा पडदा लावून मागचं सिमेंट काढलं. आत, चावायच्या कडेकडच्या टोकाला, जुन्या नसेचे अवशेष आणि रूट कॅनालचं सिमेंट राहिलेलं सापडलं, रंग गडद होत जाण्याचं तेही एक कारण म्हणाल्या. साफ केलं. बुचाचं मी विचारलं तर हसल्या, "कुठे वाचून आलात?" बूच बसवलं, मग पांढरट ओलं मिश्रण आणि वरून तात्पुरतं फिलिंग. पाच दिवसांत दात राखाडीवरून पिवळसर! काल दुसरं औषध बदललं.

आणि आज सासूबाईंच्या पाकातल्या तिळाच्या वड्या. मी विसरून पुढच्या दाताने तोडली. कट्. तात्पुरतं फिलिंग वडीत. जिभेवर विचित्र खारट-कडवट चव. चूळ भरली, क्लिनिक बंद. फोनवर बाईंनी शांतपणे सांगितलं, भोकात काही कोंबू नका, उद्या सकाळी या. रूट कॅनाल वाया गेलं का हो?

---

खलबत्ता
१४ जानेवारी, रात्री ८.४४

नाही, एका रात्रीत काही जात नाही. खाली बूच आहे, तो दुसरा दरवाजा. कधीकधी औषधातून सुटणाऱ्या वायूच्या दाबानेही तात्पुरतं फिलिंग उचकटतं, वडीवर सगळा आळ नको. आत गेलेली चिमूटभर पावडर थुंकलीत ना, बस.

पण उद्या नक्की जा, परवावर नको. वरचं झाकण म्हणजे नुसता दिखावा नव्हे, हे दाखवणारा १९९० सालचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. व्यवस्थित भरलेले रूट कॅनाल, वरून उघडे ठेवले आणि जंतूंच्या संपर्कात आणले. १९ दिवसांत निम्म्याहून जास्त दातांमध्ये एका जातीचे जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचले होते. दुसरी जात हळू, तिला ४२ दिवस लागले. म्हणजे खाली रूट कॅनाल कितीही सुबक असो, वरचा सांधा गळका असेल तर जंतूंना वरून वाट मोकळी. दात पांढरा करताना आपण तोच सांधा मुद्दाम उघडतो आणि वर त्याची भिंत ऑक्सिजनने भिजवून ठेवतो. म्हणून ते दोन आठवडे.

---

कृष्णाकाठ
१४ जानेवारी, रात्री ९.३०

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि दाढेनं चावा.

---

शेवग्याची शेंग
१६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

धागा वर काढतेय, हिशोब पूर्ण करायला.

१५ जानेवारीला फिलिंग परत बसवलं. १९ला तिसरं आणि शेवटचं औषध. २४ला ते काढून धुतलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं आणि मागे ग्लास आयनोमरचं तात्पुरतं फिलिंग, या वेळी चांगलं जाडजूड. त्या दिवशी दात शेजारच्यापेक्षाही पांढरा दिसत होता. मी खूश, बाई नाहीत. म्हणाल्या, हा रंग थोडा उतरेल, आता दात कोरडा आहे, शिवाय आतला ऑक्सिजन निघून गेला की खरा रंग कळेल. त्या दिवशी फिलिंग केलं असतं तर एक छटा जास्त पांढरं निवडलं असतं, आणि मग दातात ते वेगळं चमकलं असतं. थांबण्याचं हे कारण इथे कुणीच सांगितलं नव्हतं!

लग्न झालं. रुखवतातल्या लाडवांकडे मी बघितलंही नाही.

१० फेब्रुवारीला, म्हणजे सतराव्या दिवशी, कायमचं कॉम्पोझिट. रंग खरंच शेजारच्या दाताशी येऊन थांबला होता. पोकळी नीट धुतली, आम्ल लावलं, बाँडिंग, दिवा, थराथराने भरलं, पाऊण तास गेला. सहा महिन्यांनी एक्स-रे, मग दर वर्षी एक, मुळाच्या मानेवर लक्ष ठेवायला. काही वर्षांनी रंग पुन्हा थोडा परतू शकतो हेही आधीच सांगून ठेवलंय.

खलबत्ताताई, तुम्हाला दंडवत. नवऱ्याशी समेट झालाय.

---

तिरफळ
१६ फेब्रुवारी, रात्री १०.२०

अभिनंदन! लग्नातला दात दाखवून हसतानाचा फोटो?

---

शेवग्याची शेंग
१६ फेब्रुवारी, रात्री १०.४१

कालच अल्बम आला. फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर सगळ्या वऱ्हाडाचे दात पांढरे करून टाकलेत. आजीच्या कवळीचेसुद्धा.